फाटकाचा खेळ कशात बांधायचा?

ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या दिवा जंक्शनचं रेल्वे फाटक हा मध्य रेल्वेच्या प्रवाशांच्या बोलण्यातला जुना विषय. फाटक पडलं की दोन्ही बाजूंना रिक्षा, दुचाक्या, टेम्पो यांची रांग लागते. उघडं राहिलं की लोकल सिग्नलला उभी. गेटमन फाटक बंद करायला घेतो, तेवढ्यात एखादा रिक्षावाला पुढचं चाक आत घालतो, त्याच्यामागून दोन दुचाक्या घुसतात आणि दांडा अर्ध्यावर थांबतो. फाटक पूर्ण पडून त्याला कुलूप बसल्याशिवाय सिग्नल हिरवा होत नाही, कारण दोन्ही यंत्रणा एकमेकींत गुंतवलेल्या असतात. रस्त्यावरच्या काही सेकंदांच्या घाईची किंमत मागच्या गाड्यांमधले हजारो लोक मोजतात.

ज्याला व्हिडिओ गेम बनवायचाय, त्याच्यासाठी इथे एक खेळ तयार उभा आहे. बटण एकच: फाटक वर, फाटक खाली. एकीकडे वाढत जाणारी रांग, दुसरीकडे जवळ येणारी लोकल. कल्पना एका दमात सांगून होते. मात्र ती खेळायला मजा येईल का, हे खेळल्याशिवाय कळत नाही आणि खेळायचं तर आधी काहीतरी कच्चं हाताशी हवं. नवशिके अडकतात ते इथेच. खेळाचं इंजिन म्हणून युनिटी घ्यावं की गोडो, पायथन या भाषेवर भागेल की सी शार्प शिकायलाच हवं, या चर्चेत आठवडे निघून जातात आणि पडद्यावर साधा एक चौकोनही हललेला नसतो.

२००५ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात काइल गॅबलर, काइल ग्रे, मॅट कुसिक आणि शालिन शोधन या चार विद्यार्थ्यांनी स्वतःला कडक नियम घालून घेतले. एक खेळ एकानेच करायचा, सात दिवसांच्या आत संपवायचा, विषय आधी ठरलेला असायचा. एका सत्रात त्यांनी पन्नासहून जास्त खेळ केले. त्यातल्या गॅबलर यांच्या ‘टॉवर ऑफ गू’मधूनच पुढे २००८ साली ‘वर्ल्ड ऑफ गू’ हा गाजलेला खेळ उभा राहिला. बाकीचे बहुतेक प्रयोग तिथेच थांबले आणि ते थांबणंही उपयोगाचंच होतं. न जमणारी कल्पना आठवड्यात कळली तर एक आठवडा जातो. वर्षाने कळली तर वर्ष जातं.

फाटकाच्या खेळाचं पहिलं साधन म्हणजे कागद आणि पेन्सिल. कागदावर रूळ आणि रस्ता काढायचा, रिक्षांच्या जागी शर्टाची बटणं ठेवायची, फाटक म्हणून पेन्सिल आडवी धरायची. एकाने मोबाइलच्या घड्याळाकडे बघत ‘कर्जत फास्ट आली’ म्हणून ओरडायचं, दुसऱ्याने बटणं पुढे सरकवायची, तिसऱ्याने फाटक सांभाळायचं. एवढ्यावरून एक गोष्ट लगेच लक्षात येते: फाटक उघडायला डोकं लागत नाही, सगळी कसोटी बंद करताना आहे. लवकर बंद केलं तर रांग वाढते. उशीर केला तर एक रिक्षा मध्ये अडकते आणि दांडा पडतच नाही. म्हणजे प्रोटोटाइपमध्ये, या पहिल्या कच्च्या खेळात, रंगीत स्टेशन, घोषणा, गुणांचे तक्ते काही नको. दांडा खाली येतानाचे ते चार-दोन सेकंद नीट जमवायला हवेत.

पण ते सेकंदच कागदाला पकडता येत नाहीत. हात किती वेळाने हलला, त्यावर पडद्याने किती झटपट उत्तर दिलं, हे संगणकावरच अनुभवता येतं.

एमआयटीच्या मीडिया लॅबमधून २००७ साली आलेलं स्क्रॅच हे प्रोग्रामिंगचं साधन मुलांचं म्हणून बाजूला टाकलं जातं. तसं करू नये. ब्राउझरमध्ये उघडायचं, रंगीत ठोकळे जोडायचे, हिरवा झेंडा दाबायचा. कोड लिहिण्याची सवय नसलेल्या माणसाचाही दांडा एका बैठकीत वर-खाली होऊ लागतो. अडचण येते ती रांग वाढल्यावर. प्रत्येक रिक्षाचा स्वतंत्र संयम, स्वतंत्र वेग ठेवायचा झाला की ठोकळ्यांचा गुंता होतो आणि कोणता निरोप कुणाला गेला हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

साधन निवडताना खरी मोजायची गोष्ट एकच: एक आकडा बदलल्यापासून त्याचा परिणाम पडद्यावर दिसेपर्यंत किती वेळ जातो? भाषा सुंदर आहे का, मोठ्या कंपन्या काय वापरतात, हे प्रश्न नंतरचे. फाटकाच्या खेळात असे आकडे चार. दांडा पडायला लागणारा वेळ, दोन वाहनांमधलं अंतर, लोकल किती आधी दिसते आणि थांबून कंटाळलेला रिक्षावाला किती वेळाने आत घुसतो. दांड्याला चार सेकंद दिले तर खेळाडूला नुसतं वाट बघत बसावं लागतं. एक सेकंद दिला तर रिक्षावाल्याला आत घुसायची संधीच उरत नाही, म्हणजे खेळच संपला. योग्य जागा मध्ये कुठेतरी आहे, आणि ती शोधायला आकडा दहादा नव्हे, शंभरदा बदलावा लागतो. दर वेळी अर्धं मिनिट थांबावं लागलं तर माणूस विसाव्या प्रयत्नाला ‘चालेल हे’ म्हणून सोडून देतो. लगेच उत्तर मिळालं तर तो खेळत-खेळतच बदलत राहतो.

या कसोटीवर गोडो फार चांगलं उतरतं. अर्जेंटिनाच्या ह्वान लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सुर यांनी तयार केलेलं हे इंजिन २०१४ साली मुक्त स्रोत झालं. झिप फाइल उतरवायची, उघडायची, चालवायची. इन्स्टॉल करायची भानगड नाही. गोडोची स्वतःची जीडीस्क्रिप्ट ही भाषा पायथनच्या वळणाची, त्यामुळे कॉलेजात पायथन शिकलेल्याला ती वाचताना अडखळायला होत नाही. चलाच्या आधी ‘एक्सपोर्ट’ लिहिलं की तो आकडा कोडबाहेर, बाजूच्या चौकटीत दिसू लागतो. खेळ चालू असतानाही चालू दृश्यातले आकडे तिथून बदलता येतात. रिक्षा म्हणजे पिवळा चौकोन, लोकल म्हणजे लांब जांभळा आयत, दांडा म्हणजे लाल रेघ. चित्रं काढायचा मोह पहिल्या दिवशी टाळावाच, कारण चित्र सुरेख जमलं की वाईट नियम टाकून देणं जिवावर येतं.

युनिटीची बाजू कमकुवत नाही. मोबाइल खेळांच्या धंद्यात त्याचा वापर मोठा, शिकवणारे व्हिडिओ उदंड आणि त्रिमिती खेळासाठी सामग्री तयार मिळते. नोकरी हे ध्येय असेल तर युनिटी शिकावंच. मात्र ते काही जीबी जागा घेतं, आणि सी शार्पची फाइल सेव्ह केली की संकलन होऊन सगळं पुन्हा लोड होईपर्यंत साध्या लॅपटॉपवर ताटकळावं लागतं. वर सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने खेळ किती वेळा इन्स्टॉल झाला त्यावर शुल्क आकारायचं जाहीर केलं. जगभरचे छोटे विकसक संतापले, अनेकांनी गोडोकडे मोर्चा वळवला आणि वर्षभराने कंपनीने ते शुल्क रद्द केलं. टाकून द्यायच्या प्रोटोटाइपला अशा शुल्काची झळ बसत नाही हे खरं. तरीही ज्या साधनावर आपण शिकतो, त्याच्या अटी उद्या बदलतील का, हा विचार खिशात पैसे नसलेल्याने करायलाच हवा.

मर्यादाच हवी असेल तर पिको-८ हे खेळ बनवायचं छोटं साधन बघावं. १२८ बाय १२८ ठिपक्यांचा पडदा, १६ रंग, लुआ भाषा, आणि कोड, चित्र, नकाशा, आवाज सगळं एकाच खिडकीत. एवढ्याशा पडद्यावर दिव्याचे सगळे रूळ मावणारच नाहीत, त्यामुळे काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे आपोआप ठरतं. २०१५ साली मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी ‘सेलेस्ट’ या खेळाचा पहिला अवतार याच पिको-८मध्ये चार दिवसांत केला, २०१८ साली आलेला मोठा ‘सेलेस्ट’ त्यातूनच वाढला. पिको-८ विकत घ्यावं लागतं, पण ब्राउझरमध्ये चालणारी शैक्षणिक आवृत्ती फुकट आहे.

लुआमध्येच चालणाऱ्या लव्ह या छोट्या फ्रेमवर्कमध्ये एका माणसाने केलेला ‘बलाट्रो’ हा खेळ फेब्रुवारी २०२४ मध्ये आला आणि महिन्याभरात त्याच्या दहा लाख प्रती खपल्या. उलट टोकाला पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली आणलेला ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ अनरीअल इंजिनवर उभा आहे. त्यातली शिल्पं, मंदिरं, प्रकाश यांसाठी तसंच दणकट साधन हवं होतं. पण अनरीअल चालवायला यंत्रही दणकट लागतं. दोन चौकोन आणि एका रेघेचा खेळ तपासायला ते उघडण्याची गरज नाही.

आता कोड लिहून देणारे एआय सहायकही हाताशी आहेत. रांग हलवण्याचा ठरावीक कोड ते पटकन देतात आणि तो घेण्यात काही गैर नाही. दांडा अडीच सेकंदांत पडावा की तीन, हे मात्र ते सांगू शकत नाहीत. त्यासाठी माणसाचं बोटच बटणावर लागतं.

दिवा, डोंबिवली, कल्याणच्या मुलांच्या बाबतीत आणखी एक हिशेब आहे. कॉलेज किंवा नोकरीच्या जाण्यायेण्यात दिवसाचे कितीतरी तास जातात आणि लोकलच्या गर्दीत लॅपटॉप उघडता येत नाही. अनेकांकडे लॅपटॉप नाहीच, फोन आहे. गोडोचा एडिटर अँड्रॉइडवरही चालतो. छोट्या पडद्यावर कोड लिहिणं कष्टाचं आहे, पण रात्री लिहिलेल्या खेळातला एखादा आकडा बदलून पाहणं जमतं. मुख्य म्हणजे तोच फोन शेजारच्याच्या हातात देता येतो. द्यावा आणि गप्प बसावं. नियम समजावून सांगायचे नाहीत. फाटकाची रोजची सवय असलेला माणूस पहिल्या मिनिटात काय करतो, कुठे वैतागतो, तिसऱ्यांदा आपणहून खेळतो का, एवढं बघितलं की कल्पनेचा निकाल हातात येतो.

म्हणून सल्ला सरळ आहे. एखादी प्रोग्रामिंग भाषा आधीच येत असेल तर पहिला प्रोटोटाइप तिच्यातच करा, पायथनमधलं पायगेमही चालेल. काहीच येत नसेल तर स्क्रॅच, आणि त्यात अडलात की गोडो. ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या महाविद्यालयांना मात्र एक विनंती. २००९ पासून ग्लोबल गेम जॅम भरतो आणि दरवर्षी जानेवारीअखेर जगभरची माणसं ठरलेल्या विषयावर झटपट खेळ बनवतात. त्या शनिवार-रविवारी संगणक प्रयोगशाळेचं कुलूप उघडं ठेवा आणि आपलं कॉलेज केंद्र म्हणून नोंदवा. गोडो, स्क्रॅच आणि पिको-८ची शैक्षणिक आवृत्ती, तिन्ही फुकट आहेत.