वाहकनळी : एका समासाचे दोन विग्रह

इंग्रजीतील ‘कंडक्टर’ आणि ‘कंड्युइट’ हे दोन्ही शब्द ‘नेणे’ या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूपासून आलेले आहेत. विद्युत्-तंत्रात मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. कंडक्टर म्हणजे प्रवाह वाहून नेणारी तार. कंड्युइट म्हणजे ती तार जिच्यातून ओवली जाते ती नळी. या दुसऱ्या वस्तूस मराठीत ‘वाहकनळी’ म्हटले, तर समासाचे दोन विग्रह संभवतात : ‘वाहक अशी नळी’ हा कर्मधारय आणि ‘वाहकांसाठी नळी’ हा तत्पुरुष. हा भेद केवळ वैयाकरणांच्या विनोदाचा नाही. इमारतीत राहणाऱ्यांच्या जिवाशी त्याचा संबंध आहे.

खिळा, उंदीर, ओल आणि गिलाव्याचा दाब यांपासून तारेचे रक्षण करणे हे नळीचे उघड काम होय. तिचे अधिक मोलाचे काम सहसा लक्षात येत नाही. तारेवरील आवरण उष्णतेने कालांतराने ठिसूळ होते. तार भिंतीत थेट पुरली असेल, तर ती बदलण्यासाठी भिंत फोडावी लागते. नळीत असेल, तर जुन्या तारेच्या टोकाला नवी बांधून ओढून घेता येते. (मायकेल रेडी यांनी १९७९ साली चिकित्सिलेल्या रूपकात भाषा ही जणू नळी असून तीतून विचार पलीकडे पोचतात. इमारतीतील नळी मात्र एरवी काहीच पोचवीत नाही. ती वाट राखून असते.)

ही वाट मोकळी राहावी म्हणून नळीत रिकामी जागा ठेवणे अगत्याचे असते. तीन वा अधिक तारा असल्यास त्यांनी नळीच्या अंतश्छेदाचा ४० टक्क्यांहून अधिक भाग व्यापू नये, असे अमेरिकेतील नॅशनल इलेक्ट्रिकल कोड सांगतो. दाटीने उष्णता कोंडते, शिवाय तार ओढताना आवरण सोलवटते. वळणांचा जाच तर याहून मोठा. घर्षणांक ०.४ मानला, तर प्रत्येक काटकोनी वळणावर ओढ सुमारे १.९ पट होते आणि अशी चार वळणे पार करताना ती सुमारे १२ पटींवर जाते. म्हणूनच ओढण्याच्या दोन जागांमध्ये एकूण ३६० अंशांहून अधिक वळण नसावे, असा दंडक त्याच संहितेत आहे. मधे एखादी पेटी बसविली की हिशेब पुन्हा आरंभापासून सुरू होतो.

आता समासाकडे वळू. पोलादी नळीला दोन्ही विग्रह लागू पडतात. ती तारांसाठी असतेच. शिवाय सांधे घट्ट असतील, तर ती स्वतःच भूयोजनाचा वाहक होऊ शकते. गीझरच्या पत्र्याला चुकून जिवंत तार टेकली, तर दोषप्रवाह नळीच्या धातूतून परत जातो, फ्यूज वितळतो आणि पुरवठा तुटतो. पीव्हीसीची नळी गंजत नाही, हलकी असते, करवतीने सहज कापता येते. पण ती विद्युत्-रोधक आहे. तिला केवळ दुसराच विग्रह लागू पडतो. म्हणून तिच्यात भूयोजनाची स्वतंत्र तार घालावीच लागते.

धोका उद्भवतो तो दोहोंच्या मिश्रणातून. जुन्या इमारतीत नळीच हा भूयोजनाचा एकमेव मार्ग असतो. तिचा गंजलेला भाग कापून जागी पीव्हीसीचा तुकडा बसविला, की तो मार्ग तेथेच खुंटतो. दिवे लागतात, पंखे फिरतात. कशातही उणे दिसत नाही. मात्र पुढे कधी गीझरमध्ये दोष उद्भवला, तर फ्यूज वितळत नाही आणि पत्रा जिवंतच राहतो, ओल्या हाताचा स्पर्श होईपर्यंत. अशा दुरुस्तीनंतर त्या तुकड्यातून भूयोजनाची तार नेऊन ती दोन्ही बाजूंच्या पोलादाशी पक्की जोडावी लागते, किंवा मुख्य फलकापासून स्वतंत्र तार ओढावी लागते. आणि काम उरकल्यावर पुरवठा बंद ठेवून, गीझरच्या पत्र्यापासून भूयोजनाच्या अग्रापर्यंतचे सातत्य मापकाने तपासावे लागते.