वाघाटीची नखे, बिबट्याची नखे

आषाढी एकादशीचे पारणे द्वादशीस फेडताना पानात वाघाट्याची भाजी असावी, हा आपल्या घरांतील जुना परिपाठ. तुकोबारायांची पालखी यवत, वरवंड हे दौंड तालुक्यातील मुक्काम करून पंढरीची वाट चालू लागते, त्या सुमारास बाजारात ही हिरवी फळे दिसू लागतात. 'या वेलीला वाघाचे नाव का?' असे शिरूरकडील एका कीर्तनानंतर एका बालकाने मला विचारले.

संस्कृतात हिला व्याघ्रनखी म्हणतात. पानाच्या देठाशी मागे वळलेल्या काट्यांची जोडी असते. ती वस्त्रात रुतली की सहजी सुटत नाही. पण त्या बालकाच्या गावी वाघ म्हणजे बिबट्या! तो आपली नखे म्यानात झाकून ठेवतो आणि झडप घालताना बाहेर काढतो. वाघाटी आपली नखे सदैव उघडी ठेवते, परंतु कोणावर धावून जात नाही. तिची शुभ्र फुले कोमेजताना गुलाबी होतात आणि तिच्या पानांवर फुलपाखरांच्या अळ्या पोसल्या जातात.

दोघांचे प्राक्तन मात्र मनुष्याच्याच हाताने पालटले. घोड-कुकडीचे पाणी कालव्यांनी शिवारात आले, ऊस वाढला. बांध कोरले गेले, कुंपणाच्या झाडोऱ्यावर कोयता फिरला. वाघाटीचा आसरा गेला. तोच ऊस वर्ष-दीड वर्ष उभा राहतो. आत दाट आडोसा, जवळ पाणी, वस्तीवर कुत्री नि शेळ्या. बिबट्याची मादी तेथेच पिल्ले घालते. कौरव हे वन आणि पांडव हे त्यातील वाघ. वाघासह वन तोडू नकोस, असा उपदेश उद्योगपर्वात विदुराने धृतराष्ट्रास केला. आज आपण वन तोडले आणि उसाचे नवे वन स्वतःच्या दारी लावले.

त्याचे मोल फार जबर आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात दोन बालके आणि एक वृद्धा बिबट्याच्या हल्ल्यात गेली. पुढे एक बिबट्या गोळी घालून मारण्यात आला. त्या घरांपुढे भूतदयेचे निरूपण करण्यास माझी जीभ धजत नाही. लेकरू गमावलेल्या मातेचा आक्रोश हाच तेथे प्रथम ऐकावा.

म्हणून भाविकहो, दया आणि सावधपण यांची फारकत करू नये. तिन्हीसांजेस मूल एकटे बाहेर सोडू नये, अंगणात दिवा असावा, शेळ्यांचा गोठा पक्का बंद असावा. मीही त्या भागातील कीर्तन आता दिवेलागणीपूर्वीच आटोपतो. आणि बांधावर वाघाटी उगवली, तर तिच्यावर कोयता चालवू नये.

त्या बालकास मी एवढेच म्हणालो, 'बाळ, वाघाटीला हात जपून लाव आणि उसाकडे एकटा जाऊ नकोस.' द्वादशीच्या पानात ती कडवट भाजी वाढली जाईल, तेव्हा उसाच्या कडेला निजलेल्या प्रत्येक लेकरासाठी पांडुरंगापाशी हात जोडावेत, ही विनंती.