सारा, हागार आणि घरातला मान

बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकातली सारा आणि हागार यांची गोष्ट समजून घ्यायची, तर साराचा नवरा अब्राहाम याच्या घरात बाईचा मान कशावर ठरे हे आधी पाहावं लागतं. तो तीन गोष्टींवर ठरे: ती मालकीण की दासी, तिला मुलगा आहे का, आणि तो वारस होणार का. या गोष्टी दोघींमध्ये विभागल्या गेल्या आणि वैर सुरू झालं.

सारा मालकीण, पण निपुत्रिक. हागार तिची मिसरी, म्हणजे इजिप्तची, दासी. कनान देशात १० वर्षं राहूनही मूल होईना, तेव्हा साराने स्वतःच हागारला अब्राहामाच्या हवाली केलं. त्या काळी हे जगावेगळं नव्हतं. आजच्या इराकमधल्या किर्कुकजवळ नुझी इथे मातीच्या पाट्या सापडल्या आहेत. त्यांतल्या इ.स.पू. पंधराव्या शतकातल्या एका विवाहकरारात, मूल न झाल्यास बायकोनेच नवऱ्याला दासी आणून द्यावी, असं कलम आहे. दासीच्या पोटी आलेल्या मुलामुळे आपलं घर उभं राहील, हीच साराची आशा होती.

हागारला दिवस राहिले आणि तोल ढळला. मालकीण तिच्या नजरेतून उतरली. असे प्रसंग कायद्यालाही ठाऊक होते. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या संहितेतलं १४६ वं कलम अशाच दासीविषयी आहे: मूल झाल्यावर ती मालकिणीची बरोबरी करू लागली, तर तिला विकता येत नाही, मात्र पुन्हा दासींत गणता येतं. साराने अब्राहामाकडे गाऱ्हाणं नेलं. तुझी दासी तुझ्याच हाती आहे, असं तो म्हणाला आणि बायको झालेली हागार पुन्हा दासी झाली. जाच सोसवेना म्हणून ती रानात पळाली. तिथे देवदूताने तिला परत जायला सांगितलं, पण अगणित संततीचं वचनही थेट तिलाच दिलं.

हागार परतली. तिचा मुलगा इश्माएल जन्मला तेव्हा अब्राहाम ८६ वर्षांचा होता, आणि साराला इसहाक झाला तेव्हा १०० वर्षांचा. आता वाद वारसाचा होता. इसहाकाचं दूध तोडल्याच्या मेजवानीनंतर साराने मागणी केली की दासीच्या मुलाला वाटा मिळता कामा नये, दोघांना घालवून द्या. शेवटी अब्राहामाने तसंच केलं. हम्मुराबीहून जुन्या लिपित-इश्तार या राजाच्या कायद्यात, मालकाने दासीला मुलांसह मुक्त केलं तर त्या मुलांना वाटणी नाही, असं म्हटलं आहे. त्या उजेडात पाहिलं, तर हागारचं स्वातंत्र्य आणि तिच्या मुलाचा हक्क बुडणं एकाच दिवशी घडलं.

या दोन्ही प्रसंगांत सारा किंवा अब्राहाम हागारला नावाने हाक मारत नाहीत. ‘दासी’ एवढंच म्हणतात. तिला नावाने हाक मारतो तो देवदूत.

साराला दोष देणं सोपं आहे. पण मुलगा आणि नवऱ्याचा शब्द यांखेरीज तिच्याही हाती काही नव्हतं. दोघींना एकमेकींसमोर उभं करणारी व्यवस्था दोघींपैकी एकीनेही घडवलेली नव्हती. भाकरी आणि पाण्याची पखाल घेऊन बैर-शेब्याच्या रानात निघालेली हागार पुढे इश्माएलसाठी मिसर देशातली बायको पाहते. मुलाचं लग्न ठरवणं हे घरच्या कर्त्याचं काम. त्या घराबाहेर पडल्यावरच ते तिच्या हाती आलं.