दूरचित्रवाणी संचाशी साउंडबारची जोडणी

साउंडबार हा एकाच लांबट, अरुंद पेटीत अनेक स्पीकर बसवलेला ध्वनिसंच असून तो सामान्यतः दूरचित्रवाणी संचाच्या खाली टेबलावर ठेवतात किंवा भिंतीवर लावतात. संचातून साउंडबारकडे ध्वनी नेण्याचे चार मार्ग प्रचलित आहेत : एचडीएमआय केबल, ऑप्टिकल केबल, ब्लूटूथ आणि साधी ॲनालॉग वायर. यांपैकी कोणता मार्ग निवडला यावर आवाजाची गुणवत्ता, रिमोटची सोय आणि चित्राशी आवाजाचा मेळ या तिन्ही गोष्टी अवलंबून असतात. महागडा साउंडबार चुकीच्या मार्गाने जोडल्यास त्याच्या बहुतेक क्षमता वापराविना पडून राहतात, आणि संचाच्या पडद्यावर तशी सूचना सहसा येत नाही.

पार्श्वभूमी

चित्रनलिकेच्या जुन्या संचांची पेटी खोल असे व स्पीकर बहुधा पडद्याच्या बाजूला, प्रेक्षकाकडे तोंड करून बसवलेले असत. सपाट पडद्यांचे संच आल्यावर ही जागा उरली नाही. आजच्या बहुतांश संचांचे स्पीकर लहान असून त्यांचे तोंड खाली किंवा मागे असते. त्यामुळे आवाज टेबलावर वा भिंतीवर आपटून प्रेक्षकापर्यंत पोहोचतो. याचा सर्वाधिक फटका संवादांना बसतो; व्यंजने अस्पष्ट होतात आणि ऐकण्याची क्षमता कमी झालेल्या वृद्धांना आवाज वाढवूनही शब्द कळत नाहीत. साउंडबारचा खरा उपयोग मोठ्या आवाजापेक्षा स्पष्ट संवादासाठी अधिक आहे.

एचडीएमआय आणि एआरसी

एचडीएमआय केबल मुळात सेट-टॉप बॉक्ससारख्या उपकरणाकडून संचाकडे चित्र व ध्वनी आणण्यासाठी होती. २००९ साली आलेल्या १.४ या आवृत्तीत तिला उलट दिशेने, म्हणजे संचाकडून बाहेर, ध्वनी पाठवण्याची सोय मिळाली. हीच ऑडिओ रिटर्न चॅनल अथवा एआरसी होय. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या २.१ या आवृत्तीत तिचे सुधारित रूप, ईएआरसी, समाविष्ट झाले.

संचावर एचडीएमआयची तीन-चार पोर्ट असली तरी ही सोय सहसा एकाच पोर्टवर असते आणि त्याच्या शेजारी एआरसी वा ईएआरसी ही अक्षरे छापलेली असतात. केबलचे एक टोक त्याच पोर्टमध्ये आणि दुसरे साउंडबारच्या ‘आउट’ किंवा ‘टीव्ही’ असे लिहिलेल्या पोर्टमध्ये घालावे लागते. ध्वनी साउंडबारमध्ये येणार असल्याने ‘इन’ लिहिलेले पोर्ट योग्य वाटते, पण ते सेट-टॉप बॉक्स किंवा गेम कन्सोल जोडण्यासाठी असते. जोडणी करूनही आवाज न येण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

केबल जोडल्यानंतर संचाच्या सेटिंगमध्ये सीईसी ही सुविधा सुरू असावी लागते. तिच्यामुळे उपकरणे एकमेकांना आज्ञा देऊ शकतात; संचाच्या रिमोटने साउंडबारचा आवाज कमी-जास्त होतो आणि संच बंद केल्यावर साउंडबारही बंद होतो. उत्पादकांनी या एकाच सुविधेला वेगवेगळी नावे दिल्याने ती शोधताना गोंधळ होतो : सॅमसंगच्या संचावर ती ‘ॲनीनेट प्लस’, एलजीच्या संचावर ‘सिंपलिंक’ आणि सोनीच्या संचावर ‘ब्राव्हिया सिंक’ या नावाने आढळते. त्यानंतर ‘ध्वनी आउटपुट’ या पर्यायात संचाच्या स्पीकरऐवजी बाहेरील उपकरण निवडावे लागते.

ऑप्टिकल केबल

एआरसी नसलेल्या संचासाठी ऑप्टिकल केबल हा विश्वासार्ह पर्याय आहे. तोशिबा कंपनीने १९८३ साली आणलेल्या या प्रकारात ध्वनीची माहिती लाल प्रकाशाच्या स्पंदांतून प्लॅस्टिकच्या तंतूमधून जाते. विद्युतजोड नसल्यामुळे अर्थिंगमधील दोषातून येणारी घरघर या मार्गाने येत नाही. नव्या केबलच्या टोकांवरील पारदर्शक टोप्या काढणे आवश्यक असते. त्या तशाच ठेवून केबल जोराने दाबल्यास पोर्टची झडप तुटू शकते. केबल तीव्र कोनात मुडपल्यासही तंतू निकामी होतो. या मार्गाने सीईसीच्या आज्ञा जात नाहीत, म्हणून आवाजासाठी साउंडबारचा वेगळा रिमोट हाताशी ठेवावा लागतो. काही साउंडबार संचाच्या रिमोटचे संकेत ‘शिकून’ घेतात.

वहनक्षमतेचा प्रश्न

हे मार्ग वेगळे का ठरतात, हे आकडेमोडीने स्पष्ट होते. दर सेकंदाला ४८,००० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला २४ बिट धरल्यास दोन वाहिन्यांच्या असंपीडित ध्वनीला सेकंदाला सुमारे २३ लाख बिट लागतात. ऑप्टिकल मार्ग एवढे वाहून नेतो. ५.१ प्रकारच्या सहा वाहिन्यांना मात्र सुमारे ६९ लाख बिट लागतात व ते त्यात मावत नाहीत. म्हणून तेथे डॉल्बी डिजिटलसारखे संपीडित रूप वापरतात, ज्याला कमाल ६.४ लाख बिट पुरतात. ईएआरसीची क्षमता सेकंदाला सुमारे ३ कोटी ७० लाख बिट, म्हणजे आठ असंपीडित वाहिन्यांना पुरेल इतकी आहे.

डॉल्बी ॲटमॉसबाबत हा फरक महत्त्वाचा ठरतो. चित्रपट प्रवाहित करणाऱ्या सेवा ॲटमॉस बहुधा डॉल्बी डिजिटल प्लस या संपीडित रूपात देतात. संचाने मुभा दिल्यास ते साध्या एआरसीमधूनही जाते. ऑप्टिकलमधून जात नाही. ब्लू-रे तबकडीवरील डॉल्बी ट्रूएचडी रूपासाठी ईएआरसी लागते. संचाचे ‘डिजिटल ध्वनी स्वरूप’ पीसीएमवर राहिल्यास साध्या एआरसीमधून दोनच वाहिन्या बाहेर पडतात. ते ‘ऑटो’ किंवा ‘पास-थ्रू’ वर ठेवावे लागते. काही जुने संच बाहेरील उपकरणाकडून आलेला ५.१ ध्वनी पुढे पाठवताना त्याचा दोन वाहिन्यांचा करतात. अशा वेळी ते उपकरण थेट साउंडबारच्या ‘इन’ पोर्टला जोडणे सोयीचे पडते.

ब्लूटूथ आणि ॲनालॉग वायर

ब्लूटूथला वायर लागत नाही, परंतु ध्वनी संपीडित करून पाठवणे व पुन्हा उलगडणे यात वेळ जातो. हा विलंब अनेकदा सेकंदाच्या एक ते दोन दशांशांइतका असतो. गाणी ऐकताना तो जाणवत नाही. बातम्या वाचणाऱ्याच्या ओठांकडे पाहताना जाणवतो. हेडफोनच्या ३.५ मिलिमीटर छिद्रातून किंवा लाल-पांढऱ्या आरसीए वायरने केलेली जोडणी दोन वाहिन्यांपुरतीच असते. जुन्या संचासाठी मात्र ती पुरेशी आहे.

चित्र आणि आवाजाचा मेळ

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी किंवा १२५ मिलिसेकंद नंतर आल्यास प्रेक्षकाला तफावत जाणवू लागते. उशिरा येणारा आवाज अधिक खपून जातो, कारण निसर्गातही तोच क्रम आहे : मैदानात ७० मीटरवर बसलेल्याला बॅट चेंडूला लागलेली आधी दिसते आणि आवाज सुमारे एक पंचमांश सेकंदाने येतो. साउंडबारवरील विलंबाची सेटिंग आवाज फक्त मागे ढकलू शकते, पुढे आणू शकत नाही. त्यामुळे ती संचाच्या चित्रप्रक्रियेत वेळ गेल्याने आवाज आधी येत असेल तेव्हाच उपयोगी पडते. ब्लूटूथचा विलंब तिने भरून निघत नाही. तेथे केबल हाच उपाय उरतो.

सर्व सेटिंग योग्य असूनही एआरसीवर आवाज येत नसल्यास दोन्ही उपकरणांचे प्लग भिंतीतून काढून मिनिटभराने आधी संच व मग साउंडबार सुरू करून पाहतात. केवळ रिमोटने बंद केलेली उपकरणे प्रतीक्षावस्थेत राहतात आणि बिघडलेली परस्पर ओळख तशीच टिकून राहू शकते.