प्रबंधाचे पुनर्लेखन

पहिला मसुदा लिहिताना लेखक आपले विचार स्वतःशीच पडताळून पाहत असतो. त्यामुळे माहिती ज्या क्रमाने हाती आली, त्याच क्रमाने ती कागदावर उतरते. वाचकाला मात्र ती युक्तिवादाच्या क्रमाने मिळावी लागते. हे अंतर दूर करणे हे पुनर्लेखनाचे मुख्य कार्य होय. शुद्धलेखनाची तपासणी त्यानंतरची.

समजा, भिलाईतील सुपेला या वस्तीवर पोलाद कारखान्याचा कोणता परिणाम झाला, याविषयी एक विद्यार्थी प्रबंध लिहीत आहे. त्याच्या एकाच परिच्छेदात १९५९ साली सुरू झालेली पहिली झोतभट्टी, दल्ली-राजहरा येथील लोहखनिज, १९५५ चा भारत-सोव्हिएत करार आणि सुपेल्याचा बाजार असे सारे एकत्र आले आहे. यातील प्रत्येक गोष्ट खरी आहे. तरीही परिच्छेदातून काहीच सिद्ध होत नाही. अशा वेळी प्रत्येक परिच्छेदाचा आशय समासात एका वाक्यात लिहून पाहावा. ज्याला दोन वाक्ये लागतील तो विभागावा. ज्याला एकही सुचणार नाही तो गाळावा. मग केवळ समासातील वाक्ये ओळीने वाचावीत. कारखाना येथेच का उभारला, या प्रश्नाच्या उत्तरात खनिज प्रथम येईल. तो कसा उभा राहिला, या प्रश्नाच्या उत्तरात करार. प्रस्तुत प्रबंधाचा प्रश्न मात्र सुपेल्याविषयी आहे. म्हणून बाजार अग्रभागी यावा आणि उरलेली माहिती पार्श्वभूमीपुरती राहावी.

यानंतर वाक्यांकडे वळावे. 'औद्योगिकीकरणाच्या प्रक्रियेच्या परिणामांचे विवेचन करण्याचा प्रयत्न करण्यात आलेला आहे' या वाक्यात कर्ता नाही, स्थळ नाही आणि खरे क्रियापद नामांच्या गर्दीत हरवले आहे. 'कारखान्यामुळे सुपेल्यातील रोजगार कसा बदलला, हे येथे तपासले आहे' असे लिहिताच आशय स्पष्ट होतो, आणि लेखकावर तो सिद्ध करण्याची जबाबदारीही येते.

आपले लेखन आपल्याला नेहमीच स्पष्ट वाटते. म्हणून दुसऱ्याची नजर आवश्यक असते. वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशात नोंदी त्या त्या विषयाच्या जाणकारांनी लिहिल्या आणि संपादकांनी त्या संस्कारित केल्या. एकाच संकल्पनेसाठी सर्वत्र एकच परिभाषा असावी, हा आग्रह अशा कार्यात अनिवार्य ठरतो. प्रबंधातही एका पानावर 'कामगार' आणि दुसऱ्यावर 'श्रमिक' असे लिहिल्यास वाचक दोन निरनिराळे वर्ग कल्पितो.

मात्र सुबोधतेसाठी अर्थाला धक्का लागता कामा नये. 'बहुतेक कुटुंबे' यातील 'बहुतेक' हा शब्द काढल्यास वाक्य आटोपशीर होते, परंतु विधान असत्य ठरते. म्हणून अखेरच्या वाचनात प्रत्येक दुरुस्ती मूळ टिपणांशी ताडून पाहावी.