यवतमाळच्या उन्हाळ्यात कुरकुरीत डोसा

मे महिन्यात यवतमाळात पारा ४४-४५ अंशांवर जातो. तेव्हा डोशाचं पीठ रात्रभर बाहेर ठेवू नका. पाच-सहा तासांतच फुगतं, सकाळपर्यंत आंबटढाण होतं. डिसेंबरात मात्र बारा-चौदा तास द्या, तेही उबदार जागी.

तीन वाट्या जाडा तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, दोन चमचे चण्याची डाळ, चमचाभर मेथीदाणे पाच तास भिजवा. चण्याच्या डाळीने रंग खरपूस येतो. वाटताना गार पाणीच घाला. मिक्सरच्या उष्णतेने पीठ नीट फुगत नाही.

तवा तापला की पाणी शिंपडून आच कमी करा, पीठ पातळ पसरा, मग आच वाढवा. माझ्या मते नॉनस्टिकपेक्षा बिडाचा तवा कितीतरी सरस. डोसा कडेने सुटेपर्यंत उलथणं लावू नका.