मोठा डास की लांबपायी माशी?

पावसाळ्यात संध्याकाळी दिवा लावला, की कधी कधी भिंतीवर एक भला थोरला 'डास' येऊन बसतो. "बाई, केवढा डास! आता डेंग्यू होणार!" असे म्हणत कोणीतरी वही उचलतो आणि तो जीव चिरडला जातो. वास्तविक तो डास नसतोच. इंग्रजीत त्याला 'क्रेन फ्लाय' म्हणतात. आपण या लेखापुरते 'लांबपायी माशी' म्हणू. ती चावत नाही, रक्त पीत नाही. ती डास खाते, हा समजही खरा नाही.

सारखे दिसणारे कीटक ओळखता येणे महत्त्वाचे का, याचे उदाहरण जवळचेच आहे. औरंगाबाद ज्या निजामाच्या राज्यात होते, त्याच राज्यातील सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांनी राखाडी आणि पट्टेरी डास तपासले. हाती काही लागले नाही. अखेर ठिपकेदार पंखांच्या डासाच्या जठरात २० ऑगस्ट १८९७ रोजी त्यांना हिवतापाचे परजीवी दिसले. प्रश्न योग्य होता, डास चुकीचा होता!

आता आपली माशी पाहू. छत्रपती संभाजीनगरच्या हिमायत बागेसारख्या ठिकाणी, झाडांखालच्या ओलसर पाचोळ्यात अशा माश्या शोधाव्यात. त्यांच्या बऱ्याच जातींच्या अळ्या ओल्या मातीत व कुजत्या पाल्यात वाढतात. माशी रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत अलगद घ्यावी, कारण पाय चटकन तुटतात. मग भिंगातून क्रमाने पाहावे.

पहिली खूण : डासाला पुढे सरळ, लांब सोंड असते आणि पंखांच्या शिरांवर खवले असतात. लांबपायी माशीला अशी सोंड नसते. तिच्या वक्षाच्या पाठीवर इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी खाच दिसते. पंखांमागील दोन गुंडीदार दांड्या, म्हणजे उडताना तोल सांभाळणारे संतोलक, तर नुसत्या डोळ्यांनीही दिसतात.

दुसरी खूण : डोक्यावर तीन साधे डोळे असतील, तर ती ट्रायकोसेरिडी कुलातील, थंड प्रदेशातील माशी. खऱ्या लांबपायी माश्यांना साधे डोळे नसतात.

तिसरी खूण : तोंडाजवळच्या मुखस्पर्शकांचा शेवटचा खंड पाहावा. तो चाबकासारखा लांब असेल तर कुल टिप्युलिडी. आखूड असेल तर बहुधा लिमोनिडी. पहिल्या कुलात शृंगिकांचे खंड बहुधा १३, तर दुसऱ्यात बहुधा १४ किंवा १६ असतात. आखूड स्पर्शक असून संयुक्त डोळ्यांवर बारीक लव असेल, तर पेडिसीडी कुलाचा विचार करावा.

बसण्याची ढब मात्र फसवी. टिप्युलिडी बहुधा पंख पसरून बसतात, लिमोनिडी बहुधा पाठीवर मिटून. या 'बहुधा'वर निर्णय देऊ नये.

विद्यार्थी विचारतील, "सर, एका पुस्तकात ही वेगळी कुले आहेत, दुसऱ्यात एकाच कुलाची उपकुले. खरे कोणते?" काही तज्ज्ञ असे मानतात, काही तसे. माशीची खूण बदलत नाही, आपण लावलेली चिठ्ठी बदलते. चार्ल्स अलेक्झांडर (१८८९–१९८१) यांनी एकट्याने अशा माश्यांच्या अकरा हजारांहून अधिक जातींचे वर्णन केले; तरीही वर्गीकरणाचा वाद मिटलेला नाही.

म्हणून वर्गात एक नियम पाळावा. जेथपर्यंत खूण दिसली, तेथपर्यंतच नाव लिहावे. स्पर्शक दिसला नाही, तर वहीत 'लांबपायी माशी, कुल अनिश्चित' एवढेच लिहावे. त्याला पूर्ण गुण द्यावेत. आणि माशी सोडून द्यावी. वही उगारायचीच असेल, तर आधी सोंड पाहावी!